सीमोल्लंघनाची जीप

‘विकणे आहे. जुनी डिझेल जीप, फोर बाय फोर.’

दसऱ्याच्या सकाळी, बडोद्याजवळच्या सावली गावाच्या पुढे, मही नदीच्या काठच्या घळीत, रणवीर शिर्के मेला. लगेच मेला नाही. जीपनं उतारावर दोन कोलांट्या खाल्ल्या, ती पालथी झाली, आणि जीव वाचावा म्हणून छताला बसवलेल्या लोखंडी पिंजऱ्याची एक नळी तुटून त्याच्या बरगड्यांत शिरली. वर काठावर घरची माणसं आपट्याची पानं हातात धरून उभी होती. त्यांना तो वीस मिनिटं ऐकू येत होता. मग येईनासा झाला.

शिर्क्यांचे पूर्वज बडोदे सरकारच्या घोडदळात. घोडी गेली, दसरा राहिला. दोन वर्षांपूर्वी रणवीरनं जाहिरात बघून ही जीप घेतली आणि तेव्हापासून सीमोल्लंघन जीपवर होऊ लागलं. घरातल्या तरुणानं एकट्यानं घळ उतरायची, तळचा ओढा ओलांडायचा, पलीकडे चढून परत यायचं, मग सोनं वाटायचं. इतके फेरफार केलेली गाडी शहरात फिरवली तर पोलीस अडवणार, म्हणून ती कायम सावलीच्या शेतावर, घळीपासून दोन हाकांच्या अंतरावर.

पुढचं डावं चाक जीपपासून चाळीस पावलांवर एकटंच पडलं होतं. पोलिसांना डोकं खाजवावं लागलं नाही. अष्टमीला शेतावर येऊन चारही चाकं उतरवून पुन्हा बसवणारा एकच माणूस होता: बडोद्यातल्या मांजलपूरचा गॅरेजवाला, अमोघ चौधरी. त्यानंही आढेवेढे घेतले नाहीत. ‘नट आवळायचे राहिले असतील माझ्याकडून’ असं लिहून दिलं. निष्काळजीपणाचं कलम लागलं, जामीन झाला, आणि तिसऱ्या दिवशी पोरगा घरी येऊन पोटभर जेवला.

त्याचे वडील भास्करराव जेवले नाहीत. बदलीनं भुसावळहून बडोद्याला आलेला रेल्वेचा माणूस. छत्तीस वर्षं मालगाड्यांचे डबे तपासले. हातोडीनं चाक ठोकायचं आणि आवाजावरून सांगायचं, हे धडधाकट आहे की नाही. पोरगा तुरुंगात जाईल ही भीती त्यांना होतीच. पण जबाबाची प्रत वाचताना ते अडले ते दुसऱ्याच कारणानं.

“हे वाक्य खोटं आहे,” ते म्हणाले.

‘उंची वाढवलेली. चाकं मोठी, टायर नवे.’

“बाबा, राहू द्या,” अमोघ म्हणाला.

“नववीत होतास तेव्हापासून शिकवलंय. नट आवळायचा आणि नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत रंगाची एक रेघ मारायची. रेघ मोडली की समजायचं, नट फिरला. विसरलास?”

“विसरलो असेन.”

“तू जेवायला विसरशील. रेघ विसरणार नाहीस.”

अमोघची थोरली बहीण अवंती खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. तिचा डावा डोळा काचेचा. दीड वर्षापूर्वी, अमोघसोबत शेतावर गेली असताना, याच जीपच्या विंचनं, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढायच्या पुढच्या चरखीनं, तो नेला होता. ओढता ओढता लोखंडी वायर तुटली आणि सपकन तोंडावर आली. मान न वळवता अवंती म्हणाली, “वकील म्हणतो फार तर पाच वर्षं, बहुधा त्याहून बरीच कमी. तुम्हाला मध्ये पडायला कुणी बोलावलंय का?”

“माझ्या पोराचं काम चुकलेलं ठरतंय.”

“ठरू दे की. आभाळ कोसळतंय का?”

“तुला नाही कळायचं,” भास्करराव म्हणाले आणि सकाळची पहिली बस धरून सावलीच्या पोलीस ठाण्यात गेले.

फौजदार भक्ती पवार बडोद्याचीच, तिशीची. घरी मराठी, ठाण्यात गुजराती, रागावली की हिंदी. तिनं म्हाताऱ्याला हाकललं नाही. “बघा काका, पण हात नाय लावायचा हां.”

भास्कररावांनी हात लावला नाही. मागे हात बांधून ते जीपच्या रिकाम्या डाव्या कुशीसमोर उकिडवे बसले आणि पंधरा मिनिटं उठलेच नाहीत.

“ताई, नट ढिले राहिले तर चाक एकदम निघत नाही. आधी डुगडुगतं. डुगडुगताना बोल्टांचे आटे खातं. पाचही बोल्टांचे. इथं बघा. आटे चावलेत ते एकाच बोल्टाचे. चार कोरे आहेत, दुकानातून आणल्यासारखे.”

“म्हणजे?”

“त्या चारांवर नट नव्हतेच. पाचवा नुसता बोटानं फिरवून ठेवलेला. शेडपासून घळीपर्यंत त्यानं कसंबसं धरलं, पहिल्या उताराला सोडलं. वरून स्टीलचं झाकण, म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि हे बघा, पाचही टोकांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. रेघेचा अर्धा तुकडा. उरलेला अर्धा नटांबरोबर गेला. माझ्या पोरानं पाचही आवळले होते. नंतर कुणीतरी काढले.”

भक्तीनं वही मिटली. “काका, तुम्ही काय बोलताय ते समजतंय ना? निष्काळजीपणा गेला. आता हा खून झाला.”

“झालाच आहे,” भास्करराव म्हणाले. “लिहा.”

‘सगळी हत्यारं गाडीसोबत.’

भक्तीनं जीपमधून निघालेलं गाठोडं दाखवलं. पाने, जॅकचा दांडा, हातोडी, सगळं लाल धाग्यानं एकत्र बांधलेलं, हळदकुंकू आणि अक्षता चिकटून वाळलेल्या. मधोमध एक आखूड चावी, आतून वेडीवाकडी खोबण असलेली. चाकांचे नट कुलपी होते. मोठे टायर चोरीला जातात म्हणून बसवतात. साधा पाना त्यांवर धरतच नाही, ही चावीच लागते.

“धागा तुटलेला नाय,” भक्ती म्हणाली. “मग नट काढले कशानं?”

तोच प्रश्न घेऊन भास्करराव बडोद्यात नागरवाड्यात रणवीरच्या वडिलांकडे, बळवंतराव शिर्क्यांकडे गेले. म्हातारा पलंगावर ताठ बसला होता, दाढी वाढलेली.

“या भास्करराव. यंदा सोनं द्यायचं राहिलं.”

“मी एकच विचारायला आलोय. तो धागा.”

“खंडेनवमीला हत्यारं पुजली की सीमा ओलांडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तलवारींचा नियम आहे, आता पान्यांना लावतो. नवमीला सकाळी आठला मी बांधला. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर, रात्री उशाशी. सकाळी मीच गाडीत ठेवला. पोलिसांनी दाखवला तेव्हा गाठ माझीच होती. एरवी निघण्याआधी रणवीर पाना लावून चारही चाकं बघायचा. मीच म्हटलं, आज नको, पुजलेत. मीच म्हटलं.”

भास्कररावांनी विचारलं, “ती खोबणीची चावी आधीपासून होती का गाठोड्यात?”

“अष्टमीला रणवीरनं दिली. बाबा, हीसुद्धा पूजेत ठेवा म्हणाला.”

“नवमीला शेतावर कोण कोण?”

“मी, रणवीर, पुतण्या मयंक, स्वयंपाकाची बाई. आणि तुमचा अमोघ. कारागिराला आम्ही बोलावतोच. चाकांना कुंकू लावायचा मान त्याचा. पहिल्या पंगतीला बस म्हटलं, तर म्हणाला, चाकांचं उरकून येतो. गुणी पोरगा. माझा त्याच्यावर राग नाही, सांगा त्याला.”

भास्कररावांना ते ऐकून बरं वाटलं. मुलाला मान दिला होता या लोकांनी.

“आणि त्या वायरच्या वेळी तुम्ही आम्हाला सांभाळलंत,” बळवंतराव म्हणाले. “ते मी विसरलेलो नाही.”

तेव्हा बळवंतराव तुटलेल्या वायरचे तुकडे पिशवीत घालून स्वतः मांजलपूरला आले होते. भास्कररावांनी भिंग लावून तपासून कागदावर लिहिलं: वायर आतून गंजली होती, बाहेरून कळणं शक्य नव्हतं. केस झाली नाही. ताणलेल्या वायरवर जाड गोधडी टाकायची असते, म्हणजे तुटली तरी जागीच पडते. अवंतीनं तसं म्हटलंही होतं, आणि रणवीर हसून म्हणाला होता, दोन मिनिटांचं काम, कशाला नखरे. पण गोधडीबद्दल भास्कररावांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं.

‘फेरफार हौसेनं केलेले, धंद्यासाठी नव्हे.’

(मयंक शिर्के, वय एकोणतीस. त्याच्याच घराच्या ओट्यावर. भास्कररावांचे प्रश्न इथं घेतलेले नाहीत. त्यानं प्रत्येक उत्तराआधी मोबाइलकडे बघितलं.)

बेसो ना काका. चहा?

हां, अष्टमीला मीच चालवली. अमोघ गेला, मग संध्याकाळी दोन तास. घळीत वरखाली, चारपाच वेळा. एकदम मख्खन.

पोलिसांना कशाला सांगू? शेवटचा चालवणारा मी. गळ्यात घालतील ना.

चाक? काय नाय, जरासुद्धा आवाज नाय. ढिलं असतं तर मी तिथंच गेलो असतो. तुम्हाला बरं वाटलं असतं.

नाय, चिडलो नाय.

कुलपी नट? होते. कधीपासून ते मला नाय माहीत. मी टायर बघतो, नट कोण बघतं.

नवमीला मी स्वयंपाकाच्या सामानासाठी सावलीत. अकराला गेलो, तीनला आलो. दुकानदार सांगेल. जेवण पण चुकलं.

हो, शेत आता माझ्याकडे येईल. काकांना दुसरं कोण आहे? तुम्ही सरळ विचारा ना, रणवीरला तू मारलंस का.

नाय मारलं. त्याचं ओरडणं ऐकत मी उतारावरून खाली गेलो होतो. एकटा मीच गेलो. तो मला ओळखत नव्हता. आई, आई करत होता, आणि काकी जाऊन बारा वर्षं झाली. अजून काय पाहिजे तुम्हाला?

‘चाव्या तयार आहेत.’

भास्कररावांनी त्या रात्री झोपण्याआधी मनाशी एकेक डबा जोडला. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत चाक शाबूत, मयंक साक्षीला. दसऱ्याला सकाळी गाडी थेट निघाली. म्हणजे नट निघाले ते नवमीला. निघाले ते चावीनंच, कारण आटे कोरे आणि बोल्टांच्या कडेला ठोकाठोकीचा ओरखडा नाही. घरची चावी धाग्यात. तर दुसरी चावी आहे. आणि काढणाऱ्याला पक्कं माहीत होतं की पुजलेल्या हत्यारांना कुणी हात लावणार नाही, चाकं तपासली जाणार नाहीत.

घरातला माणूस. किंवा घरात ऊठबस असलेला.

“अमोघ, ते कुलपी नट कधीचे?”

अमोघ पाणी पीत होता. पेला संपवून म्हणाला, “गाडीबरोबरच आले.”

“चाव्या किती दिल्या होत्या गाडीच्या आधीच्या मालकिणीनं?”

“एक.”

“बघ,” भास्करराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात तेज आलं. “असल्या संचाला चाव्या नेहमी दोन असतात. दुसरी त्या बाईकडे राहिली. तिच्याकडून मयंकनं घेतली की आणखी कुणी, ते एका फोनात कळेल.”

“बाबा, मी कबूल केलंय ना? संपलंय ते.”

“तू भिऊन कबूल केलंस.”

अवंती दारात उभी होती. आधी तिनं भावाकडे बघितलं, मग वडिलांकडे. “बाबा,” ती म्हणाली, “उद्या जाऊ नका.”

“का?”

ती आत निघून गेली.

‘विंच चालू आहे. वायर गंजली आहे, बदलून घ्यावी.’

शालिनी कर्णिक मांजलपूरलाच, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. वय त्रेसष्ट, केस बारीक कापलेले. नवरा होता तोवर दोघांनी या जीपमधून कच्छचं रण आणि हिमालयातल्या खिंडी पालथ्या घातल्या होत्या. तो गेला आणि गाडी विकावी लागली. भक्ती वहीसह सोफ्यावर. भास्करराव पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून.

“कुलपी नट?” शालिनीबाई हसल्या. “माझ्या गाडीला? शक्यच नाही.”

“बाई, गाडीला होते. वीस.”

“मग नंतर कुणी बसवले असतील. अहो, रणात, दोनशे किलोमीटरवर माणूस नाही अशा जागी चाक बदलायचं आणि ती एवढीशी चावी वाळूत पडली तर? मेलातच. दूर जाणारा माणूस कुलपी नट लावत नाही, कुठल्याही पान्यानं निघतील असेच ठेवतो. हे बघा.”

त्यांनी मोबाइलवर विक्रीची जाहिरात काढली आणि चष्मा वर करून वाचू लागल्या. फोटोत पुढचं डावं चाक झाकणाविना, साधे षट्कोनी नट चकाकणारे. भक्तीनं फोटोचा फोटो घेतला.

“विंच चालू आहे. वायर गंजली आहे, बदलून घ्यावी,” शालिनीबाईंनी पुढची ओळ वाचली. “हेसुद्धा लिहिलंय बघा. मी काही लपवलं नाही. घेणाऱ्या मुलाला तोंडीही बजावलं होतं, त्याच्या त्या मेकॅनिकच्या समोर. मुलगा म्हणाला, बघू पुढच्या वर्षी.”

बाहेरून कळणं शक्य नव्हतं, असं भास्कररावांनी सहीनिशी लिहून दिलं होतं.

“आणि हो,” शालिनीबाईंना आठवलं, “त्या मेकॅनिकनंच मला श्रावणात फोन केला होता. चांगला बोलतो. बोल्टाचं माप विचारलं, म्हणाला कुलपी नट मागवायचेत. मी म्हटलं, नको रे बाबा. तर म्हणाला, मागवतो, दोन चाव्या येतात, एक मालकाला देईन आणि एक माझ्याकडे राहील.”

भक्तीचं पेन थांबलं. तिनं भास्कररावांकडे बघितलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

“बाई, तो पोरगा म्हणजे—” भास्कररावांनी सुरुवात केली.

“हो, अमोघ. तुमच्या ओळखीचा आहे का?”

‘घासाघीस नको.’

चौथ्या मजल्यावरून उतरताना, तिसऱ्या मजल्यावर.

“ताई, आटे कधीकधी कोरे राहतातही. उतार तीव्र असला, चाक झटक्यात सुटलं तर.”

“तुम्हीच सांगितलंत, नाय राहत.”

दुसऱ्या मजल्यावर.

“मी म्हातारा माणूस. भिंग नव्हतं माझ्याकडे.”

“फॉरेन्सिकवाल्यांकडे होतं. कालच अहवाल आला. तुम्ही बोललात अक्षर अन् अक्षर तेच. त्यांनी आधी बघितलंच नव्हतं काका, साधी केस होती. तुम्ही दाखवलंत म्हणून बघितलं.”

पहिल्या मजल्यावर भास्कररावांनी कठडा धरला.

“त्याचा जबाब आहे ना तुमच्याकडे? विसरलो म्हणून. तोच ठेवा ना. पाच वर्षं तर पाच वर्षं.”

भक्ती दोन पायऱ्या खाली थांबली. “पहिल्या दिवशी असं बोलला असतात तर मी फाइल बंद करणारच होते.” मग फोन कानाला लावून गुजरातीत कुणाला तरी पत्ता सांगितला. पत्ता भास्कररावांचा होता.

‘बघायला कधीही या.’

ते पोचले तेव्हा अमोघ आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. अवंती त्याच्या शेजारी. दुपारचे चार. खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती.

“दुसरी चावी?” भक्तीनं विचारलं.

“गॅरेजात. उजव्या भिंतीवर, खिळ्याला.”

“आणि चार नट?”

“खालच्या डब्यात. मापाप्रमाणे.”

“टाकले का नाहीत?” तिला खरंच कळेना. “नदी बाजूला होती.”

अमोघनं जरा विचार केला. “आमच्यात सामान टाकत नाहीत,” तो म्हणाला.

भास्करराव उभेच होते. बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं: “एवढं होतं तर मला सांगायचं होतंस.”

“काय सांगणार? दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं ना. बाबा, त्याला माहीत होतं, माझ्यासमोर त्या बाईनं बजावलं होतं. तुम्ही म्हणालात, आता कशाला, मोठी माणसं आहेत, स्वतः घरी आलीत. चहा दिलात त्यांना. ताई आत पट्टी बांधून पडली होती आणि तुम्ही बशी कुठली काढायची ते विचारत होतात.”

“अमोघ,” अवंती म्हणाली.

“वीस मिनिटं ओरडला म्हणे,” अमोघ तिला म्हणाला. “तू दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास ओरडत होतीस.” मग पुन्हा वडिलांकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगतात तसा आवाज होता. “फार तर पाच वर्षं होती बाबा. मी काढणार होतो. गॅरेज ताई बघणार होती, आमचं सगळं ठरलं होतं. फक्त माझं काम चुकलं असं लोकांना वाटू द्यायचं होतं. तेवढंच तुम्हाला बघवलं नाही.”

भक्तीनं मान वर केली. “आमचं? आमचं म्हणजे?”

अमोघनं डोळे मिटून घेतले. जे शब्द तोंडून गेले होते, ते आता वहीत उतरत होते.

“माझं,” तो म्हणाला. “माझं एकट्याचं.”

“बोलले ते मी लिहिलंय.” भक्ती अवंतीसमोर जाऊन उभी राहिली, तिला नीट दिसेल अशी उजव्या बाजूला. “ताई, तुम्ही पण चला. चप्पल घाला.”

अवंती उठली. तिनं वडिलांकडे बघितलं नाही. भावाचा शर्ट मागून नीट केला आणि त्याच्याबरोबर जिना उतरू लागली. भास्करराव दारापर्यंत गेले. कोणता शब्द बोलला तर दोघांपैकी एक तरी मागे राहील, हे त्यांना सुचेना. छत्तीस वर्षं त्यांनी डब्यांना चालेल किंवा चालणार नाही एवढंच सांगितलं होतं.

मागे राहिलेल्या हवालदारानं जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. मेथीच्या काड्या हातानं बाजूला सारल्या.

“काका, सरकारी साक्षीदार एक नंबर तुम्ही. नाव आणि वय मॅडमनी घातलंय.” त्यानं पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं. “आरोपींशी नातं?”

भास्करराव खुर्चीत बसले.

“लिहा,” ते म्हणाले. “वडील.”